बातमीवर कॉपीराइट नसतो, मग मजकूर ‘आमचा’ कसा?

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दैनिकासाठी मानधनावर काम करणाऱ्या वार्ताहराने माहिती अधिकारात कागद काढले, दोन महिने गावोगाव फिरून पाणीयोजनेच्या अर्धवट कामांवर पाच भागांची मालिका लिहिली. पहिला भाग सकाळी छापून आला आणि दुपारपर्यंत एका पोर्टलवर शब्द न् शब्द झळकला, फोटोसकट. खाली फक्त ‘साभार’. संपादक म्हणाले, बातमीवर कॉपीराइट नसतो, सोडून द्या. पुढे या मालिकेचं पुस्तक करायचं ठरवलं तर कचेरीतून निरोप आला, मजकूर आमचा आहे. वार्ताहर विचारतात, कॉपीराइट नसतोच तर तो यांचा कसा? आणि यांचा असेल तर पोर्टलवाल्याला मोकळीक कशी?

मी बारा वर्षं डेस्कवर काढली आणि त्यानंतर आजवर याच विषयाची वकिली करतो आहे. ही दोन्ही वाक्यं मी एकाच कचेरीत, कधी एकाच दिवशी ऐकली आहेत. दोन्ही अर्धी खरी आहेत. उरलेला अर्धा भाग कुठे हरवला, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्लंडमध्ये ॲन राणीच्या काळात, १७१० साली, पहिला कॉपीराइट कायदा अमलात आला. पुस्तकाच्या लेखकाला १४ वर्षांचा हक्क आणि तो हयात असेल तर आणखी १४. वर्तमानपत्रांचा त्यात विचारच नव्हता. आजचा अंक उद्या रद्दीत जायचा, त्याला १४ वर्षांचं संरक्षण कोण मागणार? अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यातही नकाशे, तक्ते आणि पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली नाहीत. उलट तिथल्या १७९२ च्या टपाल कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्राच्या मुद्रकाला आपला अंक दुसऱ्या मुद्रकाला फुकट पाठवायची सोय करून दिली. एवढ्या पसरलेल्या देशात बातमी गावोगाव पोचायची तर एका पेपरातून कापून दुसऱ्यात लावणं हाच मार्ग होता, आणि सरकारला तो हवाच होता. कात्री आणि खळ ही संपादकाच्या टेबलावरची रोजची हत्यारं होती. आपण ज्याला आज उचलेगिरी म्हणतो तिला तेव्हा देवाणघेवाण म्हणत.

हे बदललं तारायंत्राने. बातमी टपालाने येत होती तोवर ती सगळ्यांकडे साधारण एकाच वेळी येई आणि खर्चही फारसा नसे. समुद्राखालून तार आली तशी बातमी शब्दाच्या भावाने विकत घ्यावी लागू लागली. रॉयटरने १८५१ मध्ये लंडनला दुकान थाटलं आणि १८६६ मध्ये मुंबईत कचेरी उघडली. १८७० मध्ये रॉयटर, फ्रान्सची आवास आणि जर्मनीची वोल्फ यांनी करार करून बातम्यांचं जग चक्क वाटून घेतलं, हा मुलूख तुझा, तो माझा. हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला गेला. आता ज्याने तारेचे पैसे मोजले त्याला शेजारचा पेपर तासाभरात तीच बातमी छापतो हे सहन होईना. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८७१ मध्ये कायदाच केला, परदेशातून तारेने आलेल्या बातमीवर ती आणणाऱ्याचा २४ तास हक्क. आपल्याकडेही १८९९ मध्ये तशा धर्तीचं विधेयक आलं होतं, पण कायदा झाला नाही. या मागण्या कोणाच्या होत्या हे लक्षात घ्या. पैसे गुंतवणाऱ्या मालकांच्या आणि वृत्तसंस्थांच्या. बातमी लिहिणारा माणूस त्या भांडणात कुठेच नव्हता.

तुमच्या संपादकांचं वाक्य ज्या निकालातून आलं तो १८९२ चा आहे. लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘सेंट जेम्सेस गॅझेट’वर दावा लावला. गॅझेटने ‘टाइम्स’मधला किपलिंगचा प्रवासलेख बराचसा आणि शिवाय कितीतरी छोट्या बातम्या उचलल्या होत्या. (हाच किपलिंग, मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला.) गॅझेटचा बचाव होता की पेपरवाले एकमेकांतून घेतातच, ही रीतच आहे. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी रीत हा बचाव मानला नाही. त्यांनी सांगितलं ते असं: बातमीवर, म्हणजे घडलेल्या गोष्टीवर, कॉपीराइट नाही. पण ती ज्या शब्दांत, ज्या मांडणीत सांगितली आहे त्यावर असू शकतो. गेली सव्वाशे वर्षं वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून या निकालाचं पहिलं वाक्य तोंडपाठ आहे. दुसरं कोणी म्हणत नाही.

तुमच्या मालिकेला हे लावून पाहा. अमुक गावात टाकी बांधून झाली आणि चार वर्षं नळाला पाणी नाही, हे तथ्य आहे. ते तुमचं नाही, तुमच्या पेपरचं नाही, त्या गावाचंही नाही. पोर्टलवाल्याने ते वाचून, स्वतः चौकशी करून, किंवा चौकशी न करताही, स्वतःच्या भाषेत लिहिलं असतं तर कॉपीराइटची तक्रार उभी राहिली नसती. पण हंडे रांगेत कसे लावले होते, त्यातल्या म्हातारीशी तुमचं काय बोलणं झालं, कुठल्या कागदानंतर कुठला कागद ठेवलात, ही वाक्यं आणि ही जुळणी तुमची आहे. ती शब्दशः उचलली म्हणजे हक्काचा भंग झाला.

दुसरा निकाल मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात वार्ताहर आहे. लॉर्ड रोझबरी हे इंग्लंडचे माजी पंतप्रधान. त्यांच्या भाषणांची ‘टाइम्स’च्या वार्ताहरांनी लघुलिपीत टिपणं घेतली, मग विरामचिन्हं घालून, वाक्यं तपासून पूर्ण वृत्तान्त छापले. जॉन लेन नावाच्या प्रकाशकाने ते वृत्तान्त घेऊन भाषणांचं पुस्तक काढलं. रोझबरींनी स्वतः काहीच हक्क सांगितला नाही. भांडण ‘टाइम्स’ आणि लेन यांच्यात. शब्द रोझबरींचे, मग वार्ताहराचं त्यात काय, असा सवाल होता. १९०० मध्ये लॉर्ड्स सभागृहाने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) निकाल दिला की त्या वृत्तान्तांचा लेखक वार्ताहरच. ऐकणं, टिपणं, उलगडणं याला कसब लागतं, श्रम लागतात. मी पहिल्यांदा हा निकाल वाचला तेव्हा मला आमच्या कचेरीतले ते वार्ताहर आठवले जे पालिकेच्या सभेतून रात्री उशिरा यायचे आणि चुरगळलेल्या कागदावरच्या स्वतःच्याच खुणा वाचत एकटाकी कॉपी लिहून द्यायचे. त्यांना कोणी लेखक म्हटलं नव्हतं. पण त्या खटल्यात पुढे काय झालं तेही पाहा. वार्ताहराला लेखक ठरवलं आणि नोकरीच्या अटींनुसार त्याचा हक्क त्याच क्षणी ‘टाइम्स’च्या मालकांकडे गेला. मालकाचा दावा जिंकायचा म्हणून वार्ताहर लेखक झाला.

अमेरिकेतला १९१८ चा खटला याहून गाजलेला आहे, पण तुमच्या कामाला कमी येतो, म्हणून थोडक्यात. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्सने वृत्तपत्रमालक हर्स्ट यांच्या वृत्तसंस्थेला आपल्या तारा वापरायची बंदी केली. मग ती संस्था पूर्वेकडच्या शहरांत असोसिएटेड प्रेसच्या फलकांवरून आणि पहाटेच्या आवृत्त्यांवरून बातम्या घेऊन पश्चिमेला तारेने पाठवू लागली. घड्याळाचा फरक असा की पश्चिमेला मूळ बातमीबरोबरच, कधी तिच्याआधीही, नक्कल छापून यायची. असोसिएटेड प्रेस म्हणजे तेव्हा सुमारे ९५० वृत्तपत्रांची सहकारी संस्था. बातमी गोळा करायला वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलर खर्च. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं, जनतेच्या दृष्टीने बातमी सगळ्यांची, पण दोन स्पर्धकांमध्ये, ती ताजी असेपर्यंत, तिला मालमत्तेसारखं मानू. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधी मत नोंदवलं की ज्ञान, तथ्य आणि कल्पना एकदा लोकांना सांगितल्या की त्या हवेसारख्या मोकळ्या होतात. न्यायमूर्ती होम्स यांचा तोडगा तिसराच होता: काही तास थांबा, नाहीतर बातमी कोणाची ते स्पष्ट छापा. ‘साभार’ या शब्दाला एखाद्या मोठ्या न्यायाधीशाने वजन दिल्याचं मला आठवतं ते एवढंच. आपल्याकडे ‘ताज्या बातमी’चा असा हक्क रुजलेला नाही. क्रिकेट सामन्याची धावसंख्या मोबाइल संदेशाने विकण्यावरून खटला झाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ मध्ये सांगितलं की सामन्यातल्या माहितीवर असा मालकीहक्क नाही. मला ते योग्य वाटतं. तथ्यं बांधून ठेवायची सोय झाली तर पहिला फटका तुमच्यासारख्या वार्ताहरालाच बसेल.

आता आपल्याकडे येऊ. मराठी वृत्तपत्रांत ‘मालक कोण’ हा प्रश्न बरीच वर्षं हक्काचा नव्हता, जबाबदारीचा होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव सक्तीचं केलं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात येणारी ती ओळ, ‘हे दैनिक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’, तिथूनच आली. सरकारला ती हवी होती ती पकडायला माणूस असावा म्हणून. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली ती टोपणनावाने. राजद्रोहाचा खटला झाला तो टिळकांवर आणि मुद्रकावर. मुद्रक सुटला, टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली. पेपर ज्याचा, तुरुंग त्याचा. त्याआधी आगरकरांना वेगळा अनुभव आला होता. ते ‘केसरी’चे संपादक होते, पण पेपर मंडळींचा होता. सामाजिक सुधारणेवर मनासारखं लिहायला स्वतःचा पेपर लागतो हे उमगलं आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला. लेखणी एकाची आणि छापखाना दुसऱ्याचा असला की काय होतं, हे मराठीत इतकं लख्ख दुसरीकडे दिसत नाही.

(त्याच परंपरेतली एक गोष्ट अजून पाहायला मिळते. वर्षानुवर्षं मार्चच्या सुरुवातीच्या अंकात एका कोपऱ्यात ‘नमुना ४’ छापला जातो: मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचं. तुम्ही ज्याच्यासाठी लिहिता त्याचा नमुना ४ काढून वाचा. ‘आमचा मजकूर’ म्हणणारे ‘आम्ही’ म्हणजे कायद्याने कोण, ते तिथे कळतं.)

लेखकाच्या बाजूची एक फट १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात पडली. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क मालकाचा, पण तो मजकूर वर्तमानपत्राबाहेर छापायला लेखक मज्जाव करू शकतो, अशी तरतूद आली. १९१४ मध्ये ती भारतात लागू झाली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, जो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे, तिला आणखी ठाम केलं. कलम १७ चा खंड (क), इंग्रजीतला (a), म्हणतो ते साध्या भाषेत असं: वृत्तपत्राच्या मालकाच्या नोकरीत, सेवाकरारावर असलेल्या माणसाने लिहिलं तर, उलट करार नसेल तर, वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतीत पहिला हक्क लेखकाचा. पुस्तक, नाटक, चित्रपट, सगळं. इंग्लंडने ही विभागणी १९८८ च्या कायद्यात टाकून दिली, आज तिथे नोकराचा सगळा हक्क मालकाचा. आपण ती टिकवली. मराठी पत्रकारांपैकी शंभरातल्या पाचांनाही हे कलम माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे झालं पगारी नोकराचं. तुम्ही तर मानधनावर आहात. हजेरी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, कॉलमच्या मापाने पैसे. हा सेवाकरार नव्हे असं दाखवता आलं, आणि बहुतेक स्ट्रिंगरांना, म्हणजे मानधनावरच्या वार्ताहरांना, ते दाखवता येतं, तर कलम १७ चा तो खंड तुम्हाला लागूच होत नाही. पहिला मालक तुम्ही. तो हक्क दुसऱ्याकडे जायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, तुमच्या सहीचं हस्तांतर लागतं. त्यात कुठला मजकूर, कुठले हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश हे लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

काही वर्षांपूर्वी एक वयस्कर वार्ताहर माझ्याकडे आले. वीस वर्षं त्यांनी आठवडी बाजारांवर सदर लिहिलं होतं. चिकटवहीत सगळी कात्रणं, प्रत्येकाखाली निळ्या शाईत तारीख. प्रकाशक पुस्तक करायला तयार होता, पण वृत्तपत्राचं पत्र आणा म्हणाला. वृत्तपत्राने सांगितलं, हक्क आमचे, तुम्ही सही केली आहे. कुठली सही? त्यांनी पिशवीतून मानधनाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. पुढे रक्कम, महसुली तिकिटावर सही. मागे रबरी शिक्का, अर्धा उठलेला: ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. एवढंच. कुठला लेख ते नाही, मुदत नाही. आणि सही पुढच्या बाजूला, पैसे मिळाल्याची. मी नोटीस पाठवली नाही, दीड पानी साधं पत्र लिहिलं. हा शिक्का हस्तांतर ठरत नाही, आणि वादापुरतं ठरतो असं मानलं तरी मुदत नसल्याने ५ वर्षांत संपला, ही दोन कारणं दिली. तीन आठवड्यांनी ‘आमची हरकत नाही’ असं पत्र आलं. पुस्तक निघालं. प्रकाशनाला ते पत्र खिशात घेऊन आले होते, मला दाखवायला.

अमेरिकेत याच धर्तीचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटला तो २००१ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि इतर प्रकाशकांनी स्वतंत्र लेखकांचे छापील लेख संगणकीय संग्रहात विकायला दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटलं, छापण्याची परवानगी म्हणजे संग्रहाची परवानगी नव्हे. त्यानंतर जगभर प्रकाशकांनी करार घट्ट केले. आपल्याकडेही आता नवीन करारांत ‘ज्ञात आणि भविष्यात येणारी सर्व माध्यमं’ असे शब्द असतात. सही करण्याआधी ते वाचा, आणि ‘पुस्तक व अनुवाद वगळून’ हे चार शब्द घालायला सांगा. पुष्कळदा घालतात, कारण कचेरीला पुस्तकात रस नसतो.

पोर्टलचं म्हणाल तर एक गाठ आधी सोडवायला हवी. कलम ५२ मध्ये एक सूट आहे: चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख दुसरं वृत्तपत्र किंवा नियतकालिक पुन्हा छापू शकतं, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. कॉपीराइटच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात वर्तमानपत्रांना जी मोकळीक होती तिचीच ही नातवंडं. कात्री-खळीच्या काळाची आठवण अजून आपल्या कायद्यात जिवंत आहे. पोर्टलवाला याच सुटीकडे बोट दाखवील. पोर्टल हे नियतकालिक आहे का, मालिकेतली बातमी हा ‘लेख’ आहे का, यावर वाद घालता येतो, पण वाद होऊच नये म्हणून पुढच्या चारही भागांखाली एक ओळ छापून घ्या: ‘पुनर्मुद्रणाचे हक्क लेखकाकडे राखीव’. फोटोला ही सूट लागत नाही, फोटो म्हणजे लेख नव्हे. तो तुम्ही काढलेला असेल तर तुमची बाजू तिथे सगळ्यात भक्कम. ‘साभार’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. ती मागावी लागते. आणि तुमचं नाव काढून टाकलं असेल तर कलम ५७ आहे: लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो.

हे मराठी डेस्कलाही लागू आहे, म्हणून लिहितो. इंग्रजी पेपरातला लेख सकाळी उघडायचा आणि अनुवाद करून पान भरायचं, ही सवय मी स्वतः डेस्कवर पाहिली आहे, केलीही आहे. अनुवादाचा हक्क मूळ हक्कदाराचाच असतो. तथ्यं घेऊन नवीन बातमी लिहिणं वेगळं, परिच्छेदामागे परिच्छेद उलथवणं वेगळं.

सध्या या भांडणात नवे पैलवान उतरले आहेत. युरोपीय संघाने २०१९ मध्ये प्रकाशकांना ऑनलाइन वापरासाठी दोन वर्षांचा वेगळा हक्क दिला, आणि त्यातल्या वाटाघाटींवरून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये गूगलला ५० कोटी युरोचा दंड ठोठावला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी सौदेबाजीचा कायदा केला, म्हणजे मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी बातम्यांच्या मोबदल्यासाठी प्रकाशकांशी वाटाघाटी कराव्यात असा. कॅनडाने २०२३ मध्ये केला तर फेसबुकवाल्या मेटाने तिथे बातम्या दाखवणंच बंद केलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर, आपला मजकूर परवानगीशिवाय वापरल्याबद्दल, दावा लावला, एएनआय या भारतीय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात. युरोपच्या कायद्यात त्या पैशातला योग्य वाटा लेखकांना द्यावा असं निदान लिहिलं आहे. आपल्याकडे उद्या असे पैसे आलेच, तर ते मजकूर लिहिणाऱ्यापर्यंत कसे पोचतील यावर मला फारशी चर्चा ऐकू येत नाही. तारेच्या काळात वार्ताहर जिथे उभा होता तिथेच आजही आहे.

तुमच्यासाठी कामाचं इतकंच. पोर्टलच्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह आजच काढा, छापील अंक जपून ठेवा. कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच. पोर्टलला आणि ते ज्या सेवेवर साठवलं आहे तिला लेखी तक्रार द्या. नियमांप्रमाणे अशा सेवेने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश दिला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो, म्हणून तक्रारीच्या दिवसापासून दिवस मोजा. दावा लावायची वेळ आली तर कलम ६२ मुळे तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. पुस्तकासाठी मात्र कचेरीशी भांडू नका अजून. आधी नेमणुकीचं पत्र असेल तर ते शोधा आणि मानधनाच्या सगळ्या पावत्या एकत्र करून त्यांच्या झेरॉक्स काढा. मागची बाजूसुद्धा.